मनू कशी आहे?

बुकिंग मी स्वतः केलं होतं. परळच्या हॉटेलात दोन रात्री, एकतिसावा मजला, पूर्वेकडची खोली. पूर्वेकडची मुद्दाम मागून घेतली, कारण तिथून काळाचौकी दिसते.

माझी मोठी बहीण बकुळाताई सत्तरीची झाली त्याच महिन्यात डॉक्टरांनी तिच्या विसरण्याला नाव दिलं. अजून सुरुवात आहे, म्हणाले. गॅस बंद केला का ते आठवत नाही, पण लहानपण लख्ख आहे. जुन्या जागा दाखवा, जुनी माणसं भेटवा. ताई ठाण्याला मुलाकडे, निलेशकडे राहते. मी पुण्यात एकटी. लग्न केलं नाही, आईबाबा जाऊन वीस वर्षं झाली. माझं लहानपण ज्याला आठवतं असं घरातलं माणूस आता ताई एकटीच उरली होती. तेव्हा ही सहल तिच्यापेक्षा माझ्यासाठी जास्त होती, हे आधीच सांगून टाकते.

आणखी एक सांगते. मी तीस वर्षं सरकारी हस्ताक्षरतज्ज्ञ होते. मृत्युपत्रं, धमकीची पत्रं, खोट्या सह्या. भिंगाखाली जेवढं दिसतं तेवढंच लिहायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. इथेही तेवढंच लिहिते आहे.

खोलीत शिरताना ताईने चपला दाराबाहेर काढल्या. मी त्या उचलून आत आणल्या. पलंगावर बसून तिने चादरीवरून हात फिरवला.

"कसली गो मऊ! हिच्यावर झोपायचं की हिची पूजा करायची?"

आंघोळीच्या टबात तिने नुसते पाय सोडले आणि कडेवर अर्धा तास बसून राहिली. मग पदराने पाय पुसत खिडकीशी आली. खाली सगळं होतं. रे रोडकडचे लाकडाचे अड्डे, त्यामागे गोदीतल्या क्रेन, राखाडी पाण्याची पट्टी. मी आमची चाळ पाच मिनिटं शोधत होते. ताईने काचेवर बोट टेकवलं. "ती काय. निळी ताडपत्री घातलेली." खरंच तीच होती. हॉटेल उभं आहे तिथे पूर्वी बाबांची गिरणी होती. बाबा पाळी संपवून ज्या फाटकातून बाहेर यायचे ते बहुतेक खालच्या कारंज्याच्या जागी असावं, एवढा अंदाज मी मनातल्या मनात बांधला.

दुपारी हॉटेलच्या गाडीने दादरला गेलो. रानडे रोडच्या आतल्या बाजूला ताईच्या लग्नाचा शालू घेतला होता ते दुकान अजून आहे. आत आता एसी आहे, पण पांढऱ्या गाद्या तशाच. गादीवर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मनमोहनशेठ. त्या वेळी ते नुकते मिसरूड फुटलेले मालकांचे चिरंजीव होते. त्यांनी ताईकडे पाहिलं आणि चष्मा वर केला.

"काळाचौकीच्या ना तुम्ही? बकुळाबाई! सत्त्याहत्तर साल. डाळिंबी शालू."

ताई लाजली. खरोखर लाजली, नव्या नवरीसारखी. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले.

"आणि धाकटी नाही आली? मनू?" शेठ म्हणाले. "मनू कशी आहे?"

"धाकटी मीच," मी हसून म्हणाले. "सीमा."

त्यांनी माझ्याकडे गिऱ्हाइकाकडे बघतात तसं अदबीने पाहिलं. "मनूने त्या दिवशी शालूच्या काठावर कोकम सरबत सांडलं. घाबरून त्या कोपऱ्यात जाऊन रडत बसली. आमचे बाबा मला ओरडले, पोरीला सरबत दिलंच कशाला म्हणून."

सरबत मी सांडलं होतं. तो कोपरा मला दिसत होता. आता तिथे आरसा आहे.

गाडीत मी ताईला विचारलं, "मनू कोण गं?"

"कोण जाणे. कुणाचं नाव कुणाला लावतात." आणि तिने मांडीवरच्या नव्या पैठणीचा कागद थोडा उघडून रंग पुन्हा पाहिला.

माणसं नावं विसरतात. साक्षीदारांचं तर कामच ते. मी तो विषय सोडून दिला.

संध्याकाळी हॉटेलातच जेवलो. कोकणी पदार्थांचं नऊ ताटल्यांचं जेवण होतं. प्रत्येक ताटली परातीएवढी आणि मधोमध घासभर काहीतरी. सोलकढी काचेच्या उंच पेल्यात आली. बांगड्याचा दोन बोटांएवढा तुकडा तिरफळाच्या फेसावर ठेवलेला पाहून ताई वाढपिणीला म्हणाली, "बाळ, हा नमुना आवडला. आता बांगडा आण." ती मुलगी इतकी हसली की आतून खरोखरच एक अख्खा बांगडा आला. ताईने काटा काढून मधला भाग माझ्या ताटलीत ठेवला. लहानपणी ठेवायची तसा, न विचारता. ते जेवण मी कधी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी गिरगाव. आधी पियूष आणि साबुदाणा वडा, मग आमच्या मावशीची वाडी. मावशी केव्हाच गेली, पण तिची सून बेबीवहिनी त्याच दोन खोल्यांत आहे. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली. लाकडी जिन्याच्या कठड्याला तेलपाण्याचा तोच वास होता. वहिनीने ताईला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत विचारलं, "बाई ठेवलीस का सोबतीला? बरं केलंस."

"वहिनी, मी सीमा."

"हो का?" ती म्हणाली. "बसा ना." मग ताईचा हात हातात घेऊन, "आणि मनू कशी आहे गं?"

मी ताईकडे पाहिलं. खिडकीतून कुणाच्या तरी पोळ्या भाजल्याचा वास येत होता.

"मनू बरी आहे," ताई म्हणाली.

"याच जिन्यावरून पडली होती ना, आठवतंय? आठ वर्षांची असेल. हनुवटी फुटली. सासूबाई पदर दाबून धावत कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. तीन टाके. रडली म्हणून नाही कारटी."

माझा हात आपोआप हनुवटीवर गेला. मी खुर्ची पुढे ओढली आणि तोंड उजेडाकडे केलं. "वहिनी, हे बघा. तीन टाके. ती मी."

वहिनीने थरथरत्या बोटांनी माझी हनुवटी धरली, खूण चाचपून पाहिली.

"अगं बाई," ती कळवळून म्हणाली, "तुम्हालाही लागलं होतं होय?"

गाडीत बसल्यावर मी काच वर केली. ओपेरा हाउसच्या सिग्नलला गाडी थांबली.

"ताई, मनू कोण?"

"असं काय करतेस? आपली मनू."

"आणि मी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ, मनापासून, शोधून शोधून पाहिलं. मग माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"किती करतेस गं तू माझ्यासाठी."

डॉक्टरांनी हे सांगितलं होतं. कधीतरी ती तुम्हाला ओळखणार नाही, तयारी ठेवा. मी तयारी ठेवली होती. पण विसरण्याचा आजार ताईला होता, इतरांना नाही. मनमोहनशेठ आणि बेबीवहिनी एकमेकांना ओळखतही नाहीत. दोन वेगळे साक्षीदार एकच चूक करतात तेव्हा आम्ही तिला चूक म्हणत नाही.

हॉटेलात परतण्याचं ठरलं होतं. मी ड्रायव्हरला काळाचौकीला घ्यायला सांगितलं.

चाळ अर्धी रिकामी होती, पुनर्विकासाचा फलक लागलेला. पण तळमजल्यावर मंडळाचं ऑफिस उघडं होतं आणि आत लवू होता. लवू माझ्या वर्गातला. बालवाडीपासून दहावीपर्यंत. माझ्या वहीतून गणितं उतरवून पास झालेला. त्याला विसरायला काही कारण नव्हतं.

"बकुळाताय!" तो उठलाच. "कितक्या वर्सांनी! मनू येऊक नाय?"

"लवू," मी म्हणाले, "मला ओळखलंस?"

तो ओशाळला. "सॉरी मॅडम. तुम्ही निलेशच्या सासरकडच्या काय?"

मी बसून घेतलं. चौकशीत विचारतात तसे एकेक प्रश्न विचारले. अठरा नंबरच्या खोलीत कोण राहायचं? रामचंद्र तोरसकर, त्यांची बायको, बकुळाताय आणि मनू. तिसरी मुलगी? नव्हती. मनू डावखुरी होती का? होती, बाईंनी मारून मारून उजव्या हाताला लावली. मनू आता कुठे असते?

लवू ताईकडे बघून हसला. "ता ताय सांगात. माझ्याशी कधी बोलते ती. येते गणपतीत."

ताईही हसली. दोघं एकाच माणसाबद्दल हसत होते.

चाळीतली मुलं दर गणपतीत एक हस्तलिखित अंक काढायची. लेख, कविता, चित्रं, सगळं हाताने, एकच प्रत. पंचाहत्तर सालच्या अंकात माझा निबंध होता, 'गच्चीवरून दिसणारी बोट'. मी सातवीत होते. मी लवूला तो अंक मागितला. त्याने कपाटातून काढला, फडक्याने पुसला.

निबंध सापडला. शब्द न् शब्द माझा. बोटीच्या भोंग्याला मी 'म्हाताऱ्या गाईचं हंबरणं' म्हटलं होतं.

खाली नाव होतं. कु. मनू रामचंद्र तोरसकर, इयत्ता सातवी.

माझ्या पर्समध्ये भिंग असतं. काढलं. कागद खिडकीपाशी नेला.

मूळची डावखुरी असल्याने मी शिरोरेघ उलटी ओढते. शब्द संपल्यावर, उजवीकडून डावीकडे. तीस वर्षांत हा विशेष मला दुसऱ्या कुणाच्या अक्षरात सापडला नाही. निबंधात प्रत्येक शब्दावर ती रेघ डावीकडे निमुळती होत गेली होती.

'मनू' या शब्दावरही.

खाडाखोड नव्हती. खरवडलेलं नव्हतं. शाई तीच, दाब तोच, निबंधाच्या शेवटच्या ओळीनंतर हात न थांबता नावावर आला होता. कोर्टात मला शपथेवर विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं, की मजकूर आणि नाव दोन्ही एकाच व्यक्तीने लिहिलेलं आहे, आणि ती व्यक्ती मी आहे.

मी लवूकडून पेन मागून घेतलं. तुलनेसाठी नमुना लागतो. पावतीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहिलं, मनू तोरसकर.

हात अडखळला नाही. नवं नाव लिहिताना प्रत्येकाचा हात अडखळतो.

लवू वाकून बघत होता. त्याचं हसू गेलं.

"मॅडम," तो हळूच म्हणाला, "तिचं अक्षर तुम्हाला कसं येतं?"

त्या संध्याकाळी ताई टबात पाय सोडून बसली असताना मी माझी सगळी कार्डं पलंगावर मांडली. सगळीकडे सीमा रामचंद्र तोरसकर होतं. बरं वाटलं, पण जरासंच. कागद काय काय सांगू शकतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

ताई मात्र खुशीत होती. इतकी टवटवीत मी तिला दोन वर्षांत पाहिली नव्हती. गच्चीवरचे पापड, नळावरची भांडणं, तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मी तिच्या कुशीत शिरून 'जाऊ नको' म्हणाले होते ते, सगळं तिला आठवत होतं. सगळ्यात मनू होती. मी ऐकत राहिले. ते ऐकायलाच तर आले होते.

सकाळी निलेश घ्यायला आला. लॉबीत मला बघून लांबूनच हाक मारली, "मावशी!" मी त्याचा हात घट्ट धरला.

"निलेश, तुला मावश्या किती रे?"

"म्हणजे काय? एकच."

"नाव काय तिचं?"

तो हसला, माझी बॅग उचलली. "दमलीस तू मावशी. चल, तुला दादरला बसमध्ये बसवून देतो."

नाव त्याने घेतलं नाही.

पुण्याला पोचून तीन दिवस झाले. मी ताईला फोन केला नाही. काल संध्याकाळी सात वाजता केला. तिनेच उचलला.

"ताई, मी सीमा."

"कोण?"

"सीमा. परळला गेलो होतो ना आपण? त्या हॉटेलात?"

"हां हां, त्या होय!" तिचा आवाज मोकळा झाला. "फार केलंत हो माझं. घरी या एकदा. आज नको पण, आज आमच्याकडे गडबड आहे."

मागे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी विचारलं, "कोणाचा गं फोन, ताई?"

आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे बहुतेकांना माहीत नसतं. मला आहे. माझ्याच साक्षींच्या ध्वनिमुद्रणांत मी तो वर्षानुवर्षं ऐकला आहे. थोडा घोगरा, शेवटचं अक्षर किंचित लांबवणारा.

"कळत नाहीये गं," ताई म्हणाली. "तू बघ जरा."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खसखस झाली. बांगड्या किणकिणल्या. मी बांगड्या कधीच घातल्या नाहीत.

"हॅलो," माझा आवाज म्हणाला, "कोण बोलतंय?"

मला सांगता येईना.