फणसाखालची गाडी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर पुढे सरका. मला कोणाची मनधरणी करायची नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो दीपक माझा सख्खा मावसभाऊ. चिपळूणजवळ अलोऱ्याला राहतो, पोफळीच्या वीजघरात कंत्राटावर वायरमन आहे. थापा मारणं त्याला जमत नाही, बायकोशीसुद्धा.

आणि हो, अमावास्येची रात्र वगैरे काही नव्हती. गेल्या वर्षीचा मे महिना, दुसरा गुरुवार, भर दुपारचे बारा.

आधी गाडीचं सांगतो.

मॅटाडोर. चाळीसेक वर्षांची. कोणा हौशी माणसाने आत अख्खं घरच केलेलं. झोपायला दोन बाक, छोटा ओटा, बेसिन, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे. दीपकने ती एका भंगारवाल्याकडून उचलली. नीट करायची, रंगवायची आणि गणपतीपुळ्याला पर्यटकांना भाड्याने द्यायची, असा बेत होता. बेत कसला, मनातले मांडे. चार पावसाळे गेले तरी गाडी घरामागच्या फणसाखालून हलली नाही. पत्रा गंजला. चाकं मातीत रुतली. बाजूचा सरकता दरवाजा असा जाम झाला की पहार घातली तरी हलेना.

योगिनी, म्हणजे दीपकची बायको, गाडीला 'माझी सवत' म्हणायची. तेव्हा आम्ही सगळे हसायचो.

त्यांची सानवी पाच वर्षांची. एकुलती एक. तोंडाला कुलूप म्हणून नाही. मी गेलो की माझ्या टकलावर हात फिरवून विचारायची, "काका, केस खंय पडले?"

मार्चपासून ती भातुकली घेऊन फणसाखाली जायला लागली. बशा दोन मांडायची.

एक दिवस दीपक कामावरून आला, तर सानवी घरात नाही. अंगणात नाही. शेजारी नाही.

मग... गाडीच्या खिडकीतला पडदा हलला.

सानवी आत बाकावर बसली होती. सरकता दरवाजा जाम. पुढची दोन्ही दारं कुलूपबंद, चावी दीपकच्या खिशात.

"आत कशी गेलीस गो?"

"ती उघडून देते ना."

"ती कोण?"

सानवीने मागच्या बाकाकडे बोट केलं.

तिथे कोणी नव्हतं.

दीपकने नवी कुलूपं लावली. साखळी घातली. खिडक्यांवर फळ्या ठोकल्या. चार दिवसांनी पोर पुन्हा आत. कुलूपं जशीच्या तशी. त्याने तिला एकदा मारलंही, आणि मग न्हाणीघरात जाऊन स्वतःच रडला. मला फोन करून म्हणाला, "काय करू सांग. पोटच्या पोरीला दाव्याला बांधू?"

शेवटी सगळ्यांचं एकच ठरलं. गाडी घालवायची, पोर वाचवायची.

त्याने मोबाईलवर जाहिरात टाकली. जुनी कॅम्पर गाडी, दुरुस्तीला आलेली, आहे तशी विकणे आहे. बाकी काय ते लिहिलं नाही. मला विचाराल तर ते बरं नाही केलं. पण बाप आहे, त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

कराडचा अनिल नावाचा माणूस तयार झाला. त्याला जुन्या गाड्या नव्या करायचा नाद. सौदा फोनवरच झाला. दीपकने घासाघीस केलीच नाही.

गुरुवारी अनिल पिकअप घेऊन आला. चाकं मोकळी केली, हवा भरली, टोचनचा दांडा लावला. घाटात इंजिन तापतं म्हणून त्याला निघायची घाई. बारा वाजत आले होते.

"सानवी कुठाय?" योगिनीने विचारलं.

सगळ्यांनी गाडीकडे बघितलं.

मागच्या बाकावर... ती गाढ झोपली होती.

मे महिन्यात, तापलेल्या पत्र्याखाली. अंगावर घामाचा थेंब नाही. हातपाय गारठलेले.

दीपकला दुसरं काही सुचलं नाही. त्याने पुढचं दार उघडून तिला तशीच उचलली, धावत ओटीवर आणली, आईच्या मांडीवर ठेवली आणि अनिलला म्हणाला, "न्या गाडी. आत्ताच्या आत्ता न्या."

गाडी वळणाआड गेली तेव्हा तो ओटीच्या पायरीवर बसला. सुटलो, असं त्याला वाटलं.

मग गंगामावशीने, म्हणजे त्याच्या आईने, हळूच विचारलं.

"उचलायच्या आधी पोरीला नाव घेऊन हाक मारलीस ना रे?"

आमच्याकडे घराबाहेर झोपलेलं पोर मुकाट्याने उचलत नाहीत. नाव घ्यायचं, 'चल गो बाय घरी' म्हणायचं, मगच हात लावायचा. नाहीतर अंग येतं आणि पोर तिथेच राहतं. लग्नाच्या मांडवात म्हणा, देवळात म्हणा, आपण हे नेहमी करतो. कोणी शिकवावं लागत नाही.

दीपक विसरला होता.

सानवी संध्याकाळी उठली. भरवलं तर खायची, बसवलं तर बसायची. तोंडातून शब्द नाही. हाक मारली तर मान वळेना. चिपळूणला डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. दोष काहीच नाही.

चौथ्या दिवशी अनिलचा फोन आला.

"दीपकराव, रागवू नका. तुमची पोरगी घरीच हाय न्हवं?"

"का हो?"

अनिलने फोन गाडीजवळ धरला असावा. आधी नुसती खरखर. मग...

"बाबा, मला हाक मार ना."

सानवी दीपकच्या समोर बसली होती. ओठ मिटलेले.

त्याच दिवशी सगळे कुंभार्ली घाट चढून कराडला गेले. शेडमध्ये गाडी उभी होती. दीपक सरकत्या दरवाजासमोर उभा राहिला.

"सानवी, चल गो बाय घरी."

काही नाही.

"सानवी, चल गो बाय घरी."

काहीच नाही.

तिसऱ्या हाकेला... तो जाम दरवाजा सर्रकन उघडला.

आत कोणी नव्हतं. पण योगिनीच्या कडेवरची सानवी म्हणाली, "आई, भूक लागली."

योगिनी तिथेच खाली बसून रडली. दीपकने अनिलचे पाय धरले. मावशीने देवळात नारळ दिला. गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलोच नसतो.

आठ दिवसांनी पुन्हा फोन.

"दीपकराव, तुम्ही आला, हाक मारली, घेऊन गेला," अनिल म्हणाला. "मग आता गाडीत कोण रडतंय?"

पुन्हा खरखर. पुन्हा तोच आवाज.

"बाबा, मी येत होते. ती आधी उतरली."

दीपकने मागे वळून बघितलं.

सानवी दारात उभी होती. सगळं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच कराडला पोचला. शेड रिकामी. अनिलने रातोरात गाडी रस्त्याने जाणाऱ्या कोणा ट्रकवाल्याला देऊन टाकली होती. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. दीपक भांडला, हातापाया पडला. काय उपयोग? अजूनही तो रोज जाहिराती बघतो. रत्नागिरी, सांगली, पुणे, गोवा. जुनी कॅम्पर कुठे दिसली की फोन करतो. ती गाडी काही सापडत नाही.

गेल्या महिन्यात मी अलोऱ्याला गेलो होतो. पोरगी छान आहे. शाळेत जाते, बोलते, हसते. योगिनी तिच्याशिवाय घास घेत नाही. दीपक मात्र तिला नुसतं 'बाय' म्हणतो. मी विचारलं, नाव का घेत नाहीस?

"ते नाव तिचं हाय," तो म्हणाला. "जी गाडीत हाय तिचं. आणि हिला घरातनं काढू कशी? योगिनी मरेल."

तेवढ्यात ती पोरगी तांब्या घेऊन बाहेर आली. "काका, पाणी घे."

तांब्या मी हातात घेतला. न पिताच ओटीवर ठेवला.