पेला हलवला नाही

ओमानच्या वाळवंटाकाठी, थुमरैतमध्ये त्या रात्री दिवे गेले होते. अंगणात चटईवर पडल्या पडल्या मुबारककाकांनी ही हकिगत सांगितली. "खोटं वाटलं तर उद्या आमेरला विचारा. माझ्याच गॅरेजात असतो."

आमेर आणि त्याचे वडील बखीत उंटांना जव पोचवायला निघाले होते. ऑगस्टमधला दुसरा सोमवार. वाळू लागली तशी चाकं रुतू नयेत म्हणून आमेर टायरमधली थोडी हवा सोडायला उतरू लागला. म्हातारा डाफरला, "तुझ्या जन्माआधीपासून येतोय मी इथं. चल मुकाट्यानं!"

दोन टेकड्या ओलांडल्या आणि पिकअप दारापर्यंत रुतली. जोर लावता लावता मागचा अ‍ॅक्सल मोडला. फोनला रेंज नाही. घरचे शोधायला निघणार बुधवारी सकाळी. मंगळवारी रात्री पाण्याच्या तीनच बाटल्या उरल्या. तेवढ्यावर बुधवारची दुपार कशीबशी निघाली असती.

दहाच्या सुमारास, दोघं जाळ करून बसले होते, तेव्हा जाळापलीकडून आवाज आला, "सलाम अलैकुम."

एक माणूस. पायी.

बखीतनं त्याला बसवलं आणि कॉफीचं पाणी चढवलं.

"कोण हा? आला कुठून?" आमेर कुजबुजला.

"गप. पाहुण्याला तीन दिवस नाव विचारत नाहीत."

"आपण तीन दिवस जगलो तर ना!"

माणसानं कॉफी संपवली आणि पेला पुढे केला. पुरे झालं की आपण पेला हलवतो. त्यानं हलवला नाही. बखीतनं ओतली. पेला पुन्हा पुढे आला. पुन्हा ओतली.

"पण का?" काकांची पुतणी शम्सा उसळून बसली. "सरळ नाही म्हणायचं!"

"यजमान नाही म्हणत नाही, पोरी."

"मग यजमान मरतो, काका."

काका कुशीवर वळले आणि पुढे सांगू लागले.

पहिली बाटली संपली. मग दुसरी.

"बाबा, बस करा."

"माझ्या जाळापासून कुणी तहानलेला उठलेला नाही."

पाहुणा बोलत नव्हता. म्हाताऱ्याकडे बघत होता. पीत होता... पण गळा हलत नव्हता.

बखीतनं तिसरी बाटली उघडली. आमेरनं झडप घातली. पाहुण्याचं मनगट धरलं, आणि पेला आपणच हलवला. एकदा. दोनदा.

मनगट गार होतं.

पाहुणा हसला. उठला.

"पेला तुझ्या बापाचा होता, पोरा. त्याचं पुरे झालं."

आणि अंधारात गेला.

आमेरनं उरलेली बाटली वडिलांच्या ओठांना लावली. म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. "तू पाहुण्याला उठवलंस." पुढे एक शब्द नाही. पाण्याचा एक थेंब नाही. आमेर रडला, बापाच्या कपाळाची चुंबनं घेतली, शिव्याही दिल्या. दात उघडले नाहीत.

बुधवारी दुपारी शोधायला निघालेली गाडी पोचली. बखीत गेला होता.

"हट्टानं मेला," शम्सा म्हणाली. आवाज मात्र खाली आला होता.

"असेल. त्या गाडीत मी होतो." काका थांबले. "ओठ तडकलेले. जीभ सुकून काळी. आमेरनं आणि मी उचललं त्याला... मान कलली..."

"आणि?"

"तोंडातून पाणी आलं. स्वच्छ. गार. आम्ही त्याला धरून उभे. पायाखालची वाळू भिजत गेली... थांबेचना."