शिवाची तिसरी सीडी

हे माझ्या घरात घडलं. मी स्वतः ऐकलं. तरी लिहायला बसलो की वाटतं, आपण नीट ऐकलं होतं ना?

पण अक्कानेही ऐकलं. म्हणून लिहितो.

नव्व्याण्णव सालची थंडी. अंबाजोगाई. रात्र नव्हती... भर दुपार होती.

मी तेव्हा कॉलेजच्या ग्रंथालयात होतो, लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीचा, बायनाअक्काचा, मुलगा शिवशंकर शिकायला माझ्याकडे होता. दुबईतल्या मित्राने त्याला तीन सीडींचा संच पाठवला होता. हॅपी हार्डकोअर, असं त्या नाचाच्या संगीताचं नाव. धडधड ठेका, आणि त्यावर लहान मुलीसारख्या आवाजात गाणारी बाई.

"ही बाई एवढ्या घाईत कावून हाय रे?" मी विचारलं.

"मामा, तिचा आवाज मशीनवर पळवलाय. तुमी पुस्तकं वाचा, तुमाला न्हाई झेपायचं," तो हसला.

तिसरी सीडी सगळ्यात भारी, असं तो म्हणायचा. मी ती ऐकलीच नव्हती. पाटोद्याच्या बंकटने ती वरातीत वाजवायला नेली होती. बंकटचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा.

शिवा ती परत आणायला मोटारसायकलवर गेला.

मांजरसुंब्याच्या पुढे ट्रकने उडवलं.

दहाव्याला गावच्या नदीवर पिंड ठेवले. कावळे झाडावर बसून होते. एकही खाली येईना.

"तुझ्या आईला अंतर देणार न्हाई," भाऊजी, अर्जुनराव, हात जोडून म्हणाले.

कावळे हलले नाहीत.

"बहिणीचं लगीन थाटात करू."

नाही.

ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. अक्काने त्यांचा हात धरला. "माझ्या लेकराला गवताचा कावळा न्हाई चालायचा! त्याचं कायतरी राहिलंय."

मी मागे उभा होतो. मला माहीत होतं. पण चारचौघांत ते बोलायचं कसं? लोक हसले तर?

शेवटी पुटपुटलो, "शिवा, तुझी तिसरी सीडी आणून लावीन मी."

पंख फडफडले...

कावळा शिवला.

मी दुसऱ्याच दिवशी पाटोद्याला गेलो. बंकट रडायला लागला. "मामा, ती तर त्यानं नेली. लई वाजली वो वरातीत, नवरदेवाचं घोडं उधळलं. माझ्या हातानं त्याच्या खिशात ठेवली."

खिशात काही सापडलं नव्हतं. रस्त्याच्या कडेचं गवत मी स्वतः चाचपलं. नाही.

महिन्याभराने अक्का माझ्याकडे आली. दुपारी जेवणं झाल्यावर म्हणाली, "किशन, शब्द दिलतास. लाव की."

"अक्का, ती मिळालीच नाही."

"मग माझं लेकरू अडकलंय का रे कुठं?"

मी तिचं मन राखायला संचातली दुसरी सीडी लावली. ती कधी नव्हे ते शेवटपर्यंत ऐकली. गाणं संपलं. खोली शांत झाली...

आणि ठेका पुन्हा सुरू झाला.

मी न ऐकलेलं गाणं होतं ते.

मी कोनाड्यातल्या प्लेअरचं बंद करायचं बटण दाबलं. झाकणाच्या काचेतून सीडी दिसत होती. ती फिरायची थांबली.

गाणं थांबलं नाही.

मी वायर उपटली.

गाणं चालूच.

मग... सतरंजीच्या मधोमध धप्प झालं. पुन्हा धप्प. कुणीतरी उड्या मारतंय, ठेक्यावर. तिथे कुणी नव्हतं. सतरंजीतून धूळ उडत होती.

मी दाराकडे धावलो. अक्का जागची हलली नाही. तिचे डोळे भरले होते, आणि ती हसत होती.

"नाचू दे. लई दिसांनी आलाय."

"अक्का, बाहेर चल!"

"जा तू. मी न्हाई येणार."

मी उंबऱ्यापाशी थांबलो. तिला सोडून जाववेना, आत पाऊल टाकवेना. गाणं कधी थांबलं, ते आजही सांगता येत नाही.

अक्का त्यानंतर सासरी गेली नाही. भाऊजी न्यायला आले, भांडले, एकटेच परतले.

मी सीडी लावीन म्हणालो होतो. मी लावली नाही. ती आपोआप लागली. माझा शब्द खरा झाला का? कावळा शिवला, तर शिवा सुटला असेल. की माझ्या त्या पुटपुटण्यानेच तो इथे बांधला गेला? गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं का?

भाऊजी आता नाहीत. अक्का पार बहिरी झाली आहे. चहा घे म्हणायलासुद्धा खांदा हलवावा लागतो. तो प्लेअर मी केव्हाच देऊन टाकला. घरात रेडिओसुद्धा नाही.

तरी कधी कधी दुपारी ती पलंगावरून हाक मारते.

"किशन, आवाज कमी कर जरा. दमलाय तो."

मी उठतो. रिकाम्या कोनाड्यापाशी जातो. बटण फिरवल्यासारखं करतो.

"हां," अक्का म्हणते. "आता बस त्याच्याजवळ."