रडवणारं नाटक

“मला रडवणारं नाटक हवंय,” थियानं तिकीटखिडकीतल्या बाईंना सांगितलं, आणि मागे रांगेत कुणीतरी खुदकन हसलं.

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, केस वाऱ्यानं पार विस्कटलेला एक तरुण. वेलिंग्टनमध्ये केस जागच्या जागी असणं हीच नवलाची गोष्ट, पण याचे जरा जास्तच...

“हसायला काय झालं?”

“काही नाही हो. लोक विचारतात, हसवणारं कुठलं आहे, मुलांना चालेल असं कुठलं आहे. रडायची ऑर्डर पहिल्यांदाच ऐकली.”

“मग नीट ऐका. अजून पुरी झालेली नाही.”

खिडकीतल्या बाईंनी तीन पत्रकं पुढे सरकवली. पहिल्यावर टोप्या घालून नाचणारे पाच कुत्रे. दुसऱ्यावर रक्तानं माखलेला राजमुकुट. तिसरं साधं, निळसर, चित्र नसलेलं. नाव ‘उधाण’.

“रडवणारं म्हणजे हेच,” बाई तिसऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या. “दोनचा प्रयोग आहे. छोटंसं थिएटर, मनाला येईल तिथे बसायचं. मध्यंतर मात्र नाही हं.”

“राजाचं बघा,” मागून सल्ला आला. “एकूण एक मरतात त्यात. पोटभर रडाल.”

“राजे मेले की मला रडू येत नाही. ओळखीचे नसतात ना.”

“मग कुत्र्यांचं! कुत्रे तरी ओळखीचे असतील?”

थियाला हसू आलं, ते तिनं ओठांतच दाबलं. “आणि या तिसऱ्याचं काय?”

त्याच्या चेहऱ्यावरची गंमत एकदम मावळली. “ते नका बघू.”

“का? वाईट आहे?”

“नका बघू... एवढंच.”

आणि तिकीट न काढताच तो रांगेतून निघून गेला. थियानं अर्थातच ‘उधाण’चं तिकीट काढलं. कुणी नको म्हटलं की नेमकं तेच करायचं, ही कॉरिगन घराण्याची जुनी खोड.

तिचं घर समुद्रापलीकडे ब्लेनमला, द्राक्षमळ्यांच्या मुलखात. वडील, डेस कॉरिगन, तीस वर्षं मळ्यांमध्ये छाटणी करायचे. थियाच्या हातात कात्री दिली ती त्यांनीच. गेल्या काढणीच्या ऐन घाईत ते एका दुपारी वेलींच्या रांगेतच बसले, ते उठलेच नाहीत. अंत्यविधीच्या दिवशी आलेल्या-गेलेल्यांना थिया सँडविच वाढत होती. डोळ्यांतून टिपूस नाही. मग हिवाळाभर तिनं छाटणी केली. स्वतःच्या रांगा संपल्या की वडिलांच्या वाट्याच्याही. लोक म्हणायचे, पोर खंबीर आहे हो! पण छाटणी संपली, हात रिकामे झाले, आणि कुठेच बसवेना. गाडी काढायची, समुद्रापर्यंत जायचं, न उतरताच परत फिरायचं. फ्रीज उघडायचा, बंद करायचा. छातीत काहीतरी अडकलं होतं, ते ना वर येत होतं ना खाली जात होतं.

म्हणून ती फेरीबोटीनं दोन दिवसांसाठी डॉट आत्याकडे आली होती.

“अगं, कुत्र्यांचं बघ की!” आत्यानं सकाळी बजावलं होतं. “सहा महिने दुःखच तर बघतेयस.”

“बघत नाहीये आत्या. तीच तर अडचण आहे.”

अकरा ते दोन हा वेळ थियानं शहरभर वणवण करण्यात घालवला. दोन कॉफ्या झाल्या. चीजचा स्कोन अर्धा टाकून ती उठली. बंदरावर वारा असा की माणूस उभा राहतो कमी आणि तोल सावरतो जास्त. ‘नका बघू’ म्हणणारा हा कोण लागून गेला? आणि म्हणताना त्याचे डोळे तसे का झाले? विषय झटकून टाकावा म्हणून ती जोरात चालायला लागली. विषय तिच्यासोबत चालत राहिला.

दोनला दहा कमी असताना ती थिएटरच्या दाराशी पोचली, तर तो तिथेच! या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझाऱ्या घालत होता. हातात निळसर तिकीट.

“व्वा,” थिया म्हणाली. “लोकांना नको म्हणायचं आणि स्वतः गुपचूप बघायचं?”

तो दचकला. मग कसंनुसं हसला. “बघायचं कुठे जमतंय? चौथा शनिवार आहे हा. दरवेळी कायकोराहून येतो, इथे फेऱ्या मारतो, आणि संध्याकाळच्या बोटीनं परत. सकाळी तिकीट परत करायलाच रांगेत उभा होतो. तेही जमलं नाही.”

“एवढं भयंकर आहे नाटक?”

“माझ्या बहिणीनं लिहिलंय.”

“म्हणजे वाईट लिहिलंय.”

“चांगलं लिहिलंय असं सगळे म्हणतात. तेच तर...” त्यानं तिकिटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. “माझं नाव रेवी. आमचे बाबा शेवंडं पकडायला समुद्रावर जायचे. मी सोबत असायचो. एका सकाळी कशावरून तरी आमचं वाजलं. मी फुगून अंथरुणात पडून राहिलो. बाबा एकटेच गेले.”

त्यानं खांबाला पाठ टेकवली. पुढचं सांगायची गरज नव्हती.

“चार वर्षं झाली,” तो म्हणाला. “बहीण, मारामा, तेव्हापासून माझ्याशी नीट बोललेली नाही. मीही नाही. आणि आता तिनं हे लिहिलं. त्यात अंथरुणात पडून राहिलेला एक मुलगा आहे म्हणे. दर आठवड्याला तिकीट पाठवते, सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. दोनशे माणसांसमोर मला काय म्हटलंय, ते ऐकायला बोलावतेय.”

आतून घंटा वाजली. थियाला नवल वाटलं ते स्वतःचंच. सहा महिन्यांत कुणाच्या खांद्यावर तिनं हात ठेवला नव्हता, आणि आता या अनोळखी माणसाची बाही तिच्या चिमटीत होती.

“चला.”

“कुठे?”

“आत. मला रडायचंय, तुम्हाला ऐकायचंय. दोघांनाही भीती वाटतेय. शेजारी बसू.”

“तुम्ही सगळ्यांनाच असं ओढून नेता?”

“नाही. तुम्ही पहिलेच. नशीब समजा.”

ती दोघं शेवटून तिसऱ्या रांगेत बसली. रंगमंचावर एक टेबल, तीन खुर्च्या, एक दार. बस्स. भांडणाचा प्रवेश आला तेव्हा रेवीनं पुढच्या खुर्चीची कड घट्ट धरली. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. फक्त आपला हात दोघांच्या मधल्या दांड्यावर ठेवला, आणि थोड्या वेळानं त्यावर त्याचा आला. थंडगार, खरखरीत.

बोट परतली नाही. रंगमंचावर कुणी आक्रोश केला नाही. आई भांडी घासत राहिली. मग मुलगी कचऱ्याची पिशवी बाहेर टाकायला उठली. दाराशी बापाचे गमबूट होते. हाताशी होते म्हणून तिनं तेच पायांत सरकवले. चार अंगुळं मोठे. फटक... फटक... फटक. पिशवी टाकून ती परत आली, पण बूट काही काढेना. टेबलाभोवती नुसती चालत राहिली. एक फेरी, दोन, तीन...

थियानं हिवाळाभर वडिलांचे हातमोजे घालून छाटणी केली होती. बोटांची टोकं रिकामी लोंबायची, कात्री निसटायची. तिचे स्वतःचे मोजे गाडीतच पडून असायचे.

ती ताडकन उठली. रेवीही उठायला लागला, तसा तिनं त्याचा खांदा दाबून त्याला खाली बसवलं.

“तू बस,” ती कशीबशी म्हणाली. “तू शेवटपर्यंत बस.”

आणि लोकांच्या पायांवरून ठेचकाळत ती बाहेर पळाली.

बंदराच्या लाकडी पायऱ्यांवर बसून ती रडली. छान, नाजूक असं काही नाही. नाक वाहत होतं, आवाज फुटत होता. कुत्रा फिरवायला निघालेला एक म्हातारा थांबला, तिच्या शेजारी आपला रुमाल ठेवून पुढे गेला. किती वेळ गेला कोण जाणे. छातीतलं ते अडकलेलं हळूहळू सुटत होतं, आणि दुखत होतं, आणि बरं वाटत होतं.

पावलं वाजली. रेवी तिच्याहून एक पायरी खाली येऊन बसला. त्याचेही डोळे लाल.

“तुझी ऑर्डर पुरी झाली वाटतं,” तो म्हणाला.

“झाली. जरा जास्तच वाढलं त्यांनी.” तिनं नाक पुसलं. “शेवट काय झाला?”

तो पाण्याकडे बघत सांगू लागला.

“शेवटी ती मुलगी त्या मुलाच्या दाराशी येते. मला वाटलं, आता आलं. आता बोलणार. आणि ती म्हणते... ‘मीपण जागी होते. बाबांनी दार ओढून घेतलेलं मी ऐकलं. मला उठता आलं असतं.’ ” त्याचा आवाज चिरकला. “मला हे माहीतच नव्हतं, थिया. चार वर्षं मी समजत होतो, ती मला दोष देतेय. ती स्वतःलाच...”

आपलं नाव याला कसं कळलं, असं तिला वाटलं. मग आठवलं, तिकीट हातात देताना त्या बाईंनी ते मोठ्यानं वाचलं होतं. म्हणजे रांग सोडून गेला, तरी तिथेच कुठेतरी घुटमळत होता तर.

“मग इथे काय करतोयस?” ती म्हणाली. “जा ना तिच्याकडे!”

“ती मागच्या दाराशी उभी आहे. मी जातोच आहे. पण आधी...” त्यानं केसांतून हात फिरवला, वाऱ्यानं ते लगेच होते तसे केले. “सकाळी मी तुला ‘नका बघू’ म्हटलं ना. त्या वेळी आजूबाजूला बरेच लोक होते. बाकी कुणी बघितलं असतं तर मला काही वाटलं नसतं. पण तू आत बसून मला वाईट ठरवशील... ते मला नको होतं. तुला बघून फार तर पाच मिनिटं झाली होती. हे वेडेपणाचं आहे, मला कळतंय.”

थियाचे कान तापले. इतका वारा असूनही.

“पाच मिनिटांत एवढं?”

“सात म्हण हवं तर.”

तिला हसू फुटलं. रडून सुजलेल्या चेहऱ्यावर ते कसं दिसत असेल याची तिनं पर्वा केली नाही. तो मात्र बघतच राहिला.

“जा आता,” ती हलकेच म्हणाली.

तो उठला. चार पावलं गेला आणि थांबला. “तू परत कधी जाणार?”

“उद्या सकाळच्या बोटीनं.”

“हं.” त्याचा चेहरा उतरला. “मला वाटलं होतं...”

थिएटरच्या मागच्या दाराशी एक ठेंगणी बाई कोटाची कॉलर घट्ट धरून उभी होती. रेवी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.  मग तिनं पुढे होऊन त्यांच्याकडच्या रीतीनं आपलं कपाळ त्याच्या कपाळाला टेकवलं, नाकाला नाक, आणि दोघं तशीच राहिली. थियानं मान वळवली. ते बघणं तिच्या वाट्याचं नव्हतं. पण उठून निघूनही जावंसं वाटेना. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती एका जागी स्वस्थ बसली होती.

बऱ्याच वेळानं दोघं तिच्याकडे आली.

“ही का ती?” मारामानं विचारलं. “तुला आत ओढून नेणारी?”

“आणि स्वतः अर्ध्यात पळून जाणारी,” रेवी म्हणाला.

“माझ्या नाटकातून?” मारामानं कमरेवर हात ठेवले.

“गमबुटांपर्यंत बसले होते,” थिया म्हणाली. “पुढे बसवलं नाही.”

मारामाचा चेहरा निवळला. “ते बूट खरे आहेत,” ती म्हणाली. “आमच्या बाबांचेच.” आणि तिनं थियाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

थिया उभी राहिली. आत्याला काय सांगायचं, बोट कशी बदलायची, हे नंतर बघता येणार होतं.

“उद्या दोनचा प्रयोग आहे ना?” तिनं रेवीला विचारलं.

“आहे. पण तुझी बोट?”

“मी शेवट पाहिलेला नाही.”

“मी सांगितला की.”

“ऐकलेला आणि पाहिलेला सारखा असतो का?” ती म्हणाली. “आणि मी एकटी बसणार नाही हं, आधीच सांगून ठेवते.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे.

“मी पावणेदोनलाच येईन,” तो म्हणाला. “आणि फेऱ्या नाही मारणार.”