सोमरीतला हिवाळा

पाच हजार वर्षांपूर्वी सोमरीच्या दरीत माणसं राहत होती, की उन्हाळ्यात नुसती येऊन जात होती?

या एका प्रश्नापायी हेमाआत्या पार थकून गेली होती. ती पुरातत्त्वज्ञ (जुन्या अवशेषांवरून माणसाचा इतिहास शोधणारी) होती. दहा वर्षांची शाल्मली सुट्टीत तिच्याकडे हिमालयातल्या या उंच दरीत आली होती. दरीत धरण होणार होतं. इथे कायमची वस्ती होती हे सिद्ध झालं, तरच धरणाची समिती काम थांबवणार होती. चुलीतल्या कोळशाचं वय रेडिओकार्बन पद्धतीने (कोळशात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून) कळलं होतं. पण चूल काय, वाटसरूही पेटवतात, असं समितीचं म्हणणं.

मग आत्याने दात हाती घेतले. दगडी घरांच्या पायाबाहेरच्या उकिरड्यात रानमेंढ्यांचे ढीगभर दात सापडले होते. दाताच्या मुळावर दरवर्षी सिमेंटमचे (एक कठीण आवरण) थर चढतात, झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे. चारा भरपूर असला की थर रुंद आणि फिकट, हिवाळ्यात बारीक आणि गडद. सगळ्यात बाहेरचा थर पाहिला की मेंढी कोणत्या ऋतूत मारली गेली ते समजतं. खेकडा नावाचा सहा पायांचा यंत्रमानव दात न कापता क्ष-किरणांनी हे थर पाहायचा.

"फिकट. उन्हाळा," तो दर वेळी म्हणायचा. सकाळपासून दुसरं काही तो बोललाच नव्हता.

दुपारी आत्याने चष्मा काढून डोळे चोळले आणि उद्या सामान बांधू म्हणाली. शाल्मलीही कंटाळली होती. थंडीने तिची बोटं आखडली होती. तेवढ्यात आत्याला शाल्मलीच्या अंथरुणाखाली बिस्किटांचे रिकामे पुडे दिसले. कचऱ्याचा डबा बाहेर कशाला ठेवलाय, असं तिने जरा चिडूनच विचारलं.

"बाहेर गारठा आहे गं," शाल्मली पुटपुटली. मग तिच्या काहीतरी लक्षात आलं. "आत्या, त्यांनाही बाहेर जायचा कंटाळा येत असेल ना? बर्फात?"

आत्याने चष्मा पुन्हा चढवला. उकिरडा घराबाहेरचा होता. तिथे उन्हाळ्यातलीच हाडं असणार. हिवाळ्यातली घरातच पडली असतील. घराच्या जमिनीतून निघालेले बारीक तुकडे तिने कामाचे नाहीत म्हणून बाजूला ठेवले होते. ती पिशवी तिने खेकड्यासमोर रिकामी केली.

पहिला दात फुटका निघाला. दुसऱ्यावर खेकडा बराच वेळ थांबला.

"गडद. हिवाळा."

एका दातावरून काही ठरत नाही, हिवाळ्यात दुसरीकडे मारलेल्या मेंढीचं वाळवलेलं मुंडकं कोणी बरोबर आणलेलं असू शकतं, असं आत्याने बजावलं. पण पुढचाही गडद निघाला. त्याच्या पुढचाही. घरातले बहुतेक दात हिवाळ्यातले होते. एक मात्र खेकड्याला ओळखता येईना. आत्याने तो तळहातावर घेतला.

"हा माणसाचा आहे. दुधाची दाढ."

"म्हणजे इथे कोणी मूल मेलं?" शाल्मलीने घाबरून विचारलं.

"नाही. बघ, याचं मूळ विरघळून गेलंय. खालून पक्का दात वर आला की असंच होतं. ही दाढ आपोआप पडली. ते मूल तेव्हा तुझ्याएवढं असेल, आणि ते मोठं होत होतं."

आत्याने हे सगळं लगेच समितीला कळवलं. संध्याकाळी उत्तर आलं : पूर्ण उत्खनन होईपर्यंत धरणाचं काम थांबेल. आत्याने ते वाचलं आणि एका दगडावर बसून पाय पसरले. आनंद करायचंही त्राण तिच्यात नव्हतं. शाल्मली तिला टेकून बसली. तिचीही एक दाढ आठवडाभर हलत होती. जिभेने ती चाचपत, खालच्या पडक्या दगडी घरांपैकी कोणत्या घरात ते मूल राहत असेल, हे ती शोधू लागली.