चाळलेला चहा

राहुरीच्या अलीकडे उसाची ट्रॉली उलटली, म्हणून आम्ही भेटलो. रस्ताभर ऊस पसरलेला, मागेपुढे गाड्यांची रांग, आणि नगरहून निघालेली आमची एसटी मध्येच ठप्प. चौऱ्याण्णवचा जानेवारी. सगळे प्रवासी उतरून ऊस सोलत बसले. मी मात्र टपरीवर गेले. भर रस्त्यात ऊस चघळणं मला शोभत नाही, असं माझं मत होतं. बालवाडीची बाई ना मी!

बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला तो बसला होता. चहावाल्याला सांगत होता, "मामा, बिनदुधाचा द्या. साखर नको."

मला राहवलं नाही. "आजारी आहात का?"

त्यानं वळून पाहिलं. डोळ्यांत हसू आधीच येऊन बसलेलं. "नाही. तुम्ही डॉक्टर आहात का?"

"बाई आहे. बालवाडीची."

"मग बरोबर. आवाजावरून वाटलंच, आता अंगठे धरायला लावणार."

असा राग आला... आणि गाल का तापले, ते कळेना.

त्याचं नाव आमोस भिंगारदिवे. आसामातल्या एका चहाच्या मळ्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर. नाताळच्या रजेवर आलेला, आणि निघालेला देवळाली प्रवरेला, म्हणजे आमच्याच गावी! आमच्या चर्चमधल्या झुंबरबाई त्याच्या आत्या निघाल्या. तो तिकडच्या धुक्याचं सांगत होता, मी माझ्या बावीस पोरांचं. दीड तास कुठे गेला देव जाणे. रस्ता मोकळाच होऊ नये, असं मला मनापासून वाटत होतं.

कंडक्टरनं हाक मारली, तेव्हा त्यानं पिशवीतून एक पुडकं काढून माझ्या हातात ठेवलं. "चहा आहे. पण आपल्या पावडरीसारखा नाही हं. आधी पाणी उकळायचं, मग—"

"माहीत आहे मला."

"पानांचा चहा?"

"आमच्याकडे असतो की. नेहमी!"

देवा, कुठून आलं हे तोंडात? पपा गेल्यापासून घरात आई आणि मी. वाण्याकडची सुटी पावडर आणायची, ती उकळ उकळ उकळायची, हाच आमचा चहा. पण माझी खोडच ती. 'माहीत नाही' म्हणायची वेळ आली की माझी जीभ टाळूला चिकटते. आणि तो असा बघत असताना तर मेले असते पण म्हटलं नसतं.

घरी पुडकं सोडलं. आत काळपट, वळलेली, लांब लांब पानं. आईनं चिमूटभर हातावर घेतली.

"अगं, हा तर निव्वळ पाला हाय! काड्याबी हायेत."

वाण्याची पावडर आली की आई ती चाळून घेते. काड्या, सुतळीचे धागे, काय काय निघतं त्यातून. आमच्या आळीत सगळ्याच बायका चाळतात. बारीक पडेल तो चहा, वर राहील तो कचरा. आम्ही तेच केलं. पिठाची चाळणी घेतली, हलवली. खाली दोन चमचे भुकटी, वर ढीगभर पानं.

"एवढा कचरा! प्रार्थना, फसवलं गं तुला त्या कंपाउंडरनं," आई म्हणाली.

मी ती पानं उचलली आणि मागच्या दारी गुलाबाच्या बुडाशी नेऊन टाकली. मी. माझ्या या हातांनी. आज इतकी वर्षं झाली, तरी लिहिताना कान तापतात.

भुकटीत आलं, दूध, साखर घालून दणकून उकळलं. चव आल्याची आली.

रविवारी उपासना सुटल्यावर तो चर्चच्या फाटकाशी थांबला होता.

"सलाम, बाई. कसा झाला चहा?"

"झकास."

"रंग?"

"लालभडक!"

"आणि वास?"

"घरभर! शेजारचे विचारायला आले."

तो हसला नाही. नुसता बघत राहिला. मीही बघत राहिले, खरं तर मान खाली घालायला हवी होती. मग हळूच म्हणाला, "मग बोलवा की एकदा. तुमच्या हातचा प्यायचाय. गुरुवारी माझी गाडी आहे."

"मंगळवारी या."

"आत्याला... घेऊन येऊ?"

मुलगा आत्याला घेऊन मुलीच्या घरी येतो, तो काही चहासाठी येत नाही, एवढं बालवाडीच्या बाईलाही कळतं.

मंगळवार उजाडला. पुडकं तर कधीच संपलेलं. खरं सांगून टाकायचं की नाही? नाही सांगितलं. वाण्याची पावडर टाकली, दूध नाही, साखर नाही, आणि काळंकुट्ट होईस्तोवर उकळलं. नवीन कपात ओतलं आणि ट्रे घेऊन बाहेर गेले, मोठ्या ऐटीत.

झुंबरआत्यांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. "अगं बाई गं! काढा हाय का ह्यो?"

आमोसनं मात्र घोट घोट करत सगळा संपवला. "छान आहे," म्हणाला. मग चूळ भरायला मागच्या दारी गेला. पाण्याचा तांब्या घेऊन मी मागोमाग.

गुलाबाला मी रोज पाणी घालत होते. चार दिवसांत ती पानं भिजून फुलली होती. अख्खीच्या अख्खी, हिरवट, कडा दिसतील अशी. आमोस वाकला. एक पान उचलून तळहातावर ठेवलं, बोटानं सरळ केलं, परत जागेवर ठेवलं.

"गुलाब छान आलाय," एवढंच म्हणाला.

भांडला असता तर मी भांडले असते. माझ्यासारखी भांडखोर आळीत नाही. पण त्याचा आवाज इतका मऊ होता, की धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं झालं. तांब्यातलं पाणी माझ्याच पायांवर सांडलं.

आत येऊन तो आत्याला म्हणाला, "चल, निघू." आणि निघालाच. आत्या दारात थबकल्या. माझा हात धरून पुटपुटल्या, "मी तर बोलनी कराया आल्ते गं. ह्याचं काय बिनसलं कोन जाने. तो चहा मलासुदिक दिला न्हाई त्यानं. मळ्यातल्या एका बाईचं लेकरू तापानं चाल्लं हुतं, ह्यानं वाचवलं. तिनं आपल्या हातानं पान न् पान वळून दिल्ता त्याला. तुला दिला, तवाच म्या वळाखलं."

पान न् पान वळून. आणि मी चाळणीत घालून...

बुधवारी बालवाडीत मी पोरांना एकच गाणं तीनदा म्हणायला लावलं. पोरांच्या तोंडाकडे बघायचीही लाज वाटत होती. 'खोटं बोलू नये' हे त्यांना रोज कोण शिकवतं? संध्याकाळी दप्तर टाकलं आणि तशीच आत्यांच्या घरी गेले. चपला कशाबशा भिरकावल्या.

आमोस पडवीत ट्रंकेला दोरी बांधत होता.

"मी खोटं बोलले," उंबऱ्यातूनच म्हणाले. थांबले असते तर पळून गेले असते. "आमच्याकडे पानांचा चहा कधीच नव्हता. मी तो चाळला. पानं टाकली नि भुकटी ठेवली. कालचा चहा वाण्याचा होता. लाज वाटते हो मला... फार लाज वाटते."

तो गाठ मारत राहिला. "टपरीवरच कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, तुम्ही विचाराल. वाट बघत होतो." त्यानं मान वर केली. "पानांचं जाऊ द्या. पण तीन दिवसांच्या रेल्वेइतकं लांब न्यायचं माणूस... तिथं काही दुखलं-खुपलं, तर मला सांगेल? की 'झकास आहे' म्हणेल? याची भीती वाटली."

डोळे भरून आले. पण तोंड माझंच ना!

"आणि तुम्ही? त्या काढ्याला 'छान आहे' कोण म्हणालं?"

आमोसचे कान हळूहळू लाल झाले. "खरंच की," तो म्हणाला. "वाईट होता. फार म्हणजे फारच वाईट होता."

"मग तसं म्हणायचं!"

"तुला वाईट वाटलं असतं."

'तुला' म्हणाला. दोघांनाही ते ऐकू आलं.

"येशील तिकडे?" त्यानं विचारलं.

जीभ टाळूला चिकटली. ती सोडवायला मला बराच वेळ लागला.

"मला तिकडचं काहीच माहीत नाही," मी म्हणाले. "भाषा नाही. माणसं नाहीत. साधा चहा माहीत नाही."

"आणि मी?"

"तुम्हीपण नाही, अजून... पण मी विचारत जाईन. दहादा विचारीन, कंटाळाल. येईन मी."

त्यानं दोरी सोडली आणि घरात तोंड करून हाक मारली, "आत्या, लुगडं बदल. प्रार्थनाच्या आईकडे जायचंय."

"आत्ता?" आतून आवाज आला. "अन् काल काय वाचा बसली हुती का रं तुझी?"

आमोस खाली वाकला, आणि अंगणात उलट्यासुलट्या पडलेल्या माझ्या चपला त्यानं जोडीनं लावून ठेवल्या.