हनुवटीची उंची

सकाळी सव्वासहाला मागच्या खोलीतली स्पीड बॅग वाजली. खोलीत कोणी नव्हतं.

बॉक्सरांची ती ठोसे मारायची बॅग सुताराने आदल्याच दिवशी टांगली होती. त्याची मुलगी, लाडाने बुटकी, तीन वर्षांपूर्वी बॉक्सिंगच्या सरावाला म्हणून बाहेर पडली, ती परतलीच नाही. त्याआधी घरात बॅग हवी म्हणून तिने भुणभुण लावली होती. "पुढच्या महिन्यात बघू," हे त्याचं ठरलेलं उत्तर. शेवटी आदल्या दिवशी बायकोनेच त्याला दुकानात नेलं.

दुकानदार जुना बॉक्सर, नाक बसलेलं. "शिकाऊ असेल तर मोठी घ्या, वहिनी. सावकाश परत येते. लहान बॅग नवख्याचं थोबाड फोडते."

"लहानच द्या. तिचा हात चपळ आहे."

'आहे' ऐकून सुताराने मान खाली घातली.

"हवा ठासून भरू नका," दुकानदार म्हणाला. "आणि बॅगेचं पोट बरोबर हनुवटीसमोर हवं. पोरीला उभी करा, मगच माप घ्या."

घरी आल्यावर बायकोने स्वतःच्या खांद्यावर बोट ठेवलं. "गळ्यात पडली की तिची हनुवटी इथे टेकायची."

"आता वाढली असेल."

"मी पाहिली तेव्हा एवढीच होती."

त्याने त्या मापाला बॅग टांगायची फळी ठोकली. जाड फळी, लोखंडी कंस, बोल्ट थेट भिंतीत. फळी थरथरली तर बॅग सरळ परत येत नाही, म्हणून तो स्वतः फळीला लोंबकळला. मग बोल्टांवरून रंगाचा हात फिरवला.

आणि दुसऱ्या सकाळी हा आवाज. तो धावत गेला. बॅग झुलत होती. वारा, उंदीर, सगळं मनात येऊन गेलं. पण वारा असा ताल धरत नाही. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "उठली वाटतं."

काही आठवड्यांनी फळी चार बोटं वर गेलेली दिसली. त्याला बायकोचा संशय आला. बोल्टांवरचा रंग कुठेही तडकलेला नव्हता. खाली जुनी भोकं नव्हती, सपाट भिंत होती.

"वाढीचं वय आहे," बायको म्हणाली. तो हसला, आणि मग हसल्याचं त्याचं त्यालाच कसंसं झालं.

दार उघडलं की आवाज थांबायचा. म्हणून दोघं दाराबाहेर चहा घेऊन बसू लागली. एकदा दर दुसरा ठोका हलका पडत होता, त्याला राहवलं नाही. "बुटके, डावा हात खाली सोडतेयस."

आवाज थांबला. त्याला वाटलं, आता गेली, आपणच घालवली. मग ठोके पुन्हा सुरू झाले, आणि या वेळी डावा हात चुकत नव्हता. बायकोने त्याचा हात घट्ट धरला. त्या दिवशी तो कामावर गेलाच नाही.

फळी वर जात राहिली. बॅगेचं पोट त्याच्या हनुवटीशी आलं, तेव्हा बायको म्हणाली, "आता बुटका कोण?" दोघं पोट धरून हसली. पुढे ते त्याच्या कपाळाशी आलं. मग डोक्याच्या वर. थट्टा बंद झाली.

गेल्या आठवड्यात फळी छताला टेकली.

आवाज थांबला नाही. नुसता मंदावला, अडखळू लागला.

"तिला ताठ उभं राहता येत नसणार," बायको म्हणाली.

"आवाज चालू असताना दार उघडून बघू एकदा?"

"नको. पुन्हा गेली तर?"

त्याने दार उघडलं नाही. गवंड्याला बोलावलं. छत हातभर उचलून घ्यायचं, इतकंच सांगितलं.

गवंडी आज दुपारी आला. शिडीवर चढून त्याने बॅगेसमोरचं छत न्याहाळलं. तिथे तेलकट काळपट डाग होता, खुर्चीमागच्या भिंतीवर डोकं टेकून टेकून पडतो तसा.

"इथे कोण डोकं टेकवतं?" त्याने विचारलं.

गवंड्याने डागाला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

डाग अजून कोमट होता.